गोठ्यांतलें व्याकरण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक मांजर आलें. तें कोठून आलें आणि कोणाचें होतें, याचा पत्ता लागला नाहीं. परंतु दोन दिवसांच्या आंत तें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं, वडिलोपार्जित हक्क असल्याप्रमाणें, बसूं लागलें. आमच्या शाळकरी नातीस त्याच सुमारास लिंगविचाराचें प्रकरण शिकविलें होतें. तिनें आम्हांस विचारलें, "आजोबा, टेबलालाही 'तें' म्हणायचें आणि मांजरालाही 'तें'च? मांजर तर जिवंत आहे." आम्ही उत्तर जुळवीत होतों, इतक्यांत आमच्या वडील भगिनी आंतून म्हणाल्या, "अग, मूलही 'तें'च असतें. तूं नव्हतीस का?" नातीचें समाधान झालें व ती खेळावयास निघून गेली. आमचें मात्र झालें नाहीं. टेबलास, मांजरास व पाळण्यांतील मुलास सारखेंच लागूं पडणारें हें लिंग आहे तरी काय, आणि पशूंचीं नांवें कोणत्या लिंगांत घालावीं हें भाषा कशावरून ठरविते, हा प्रश्न मनांत घोळत राहिला. जुनीं पुस्तकें चाळतांना त्याविषयीं जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

व्याकरणांतील लिंग आणि सृष्टींतील लिंग हीं एक नव्हेत, हें आपल्याकडील वैयाकरणांस फार प्राचीन काळीं कळून चुकलें होतें. संस्कृतांत 'पत्नी' ह्या एकाच अर्थाचे तीन शब्द घ्या: 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी, आणि 'दार' हा तर पुल्लिंगी असून नेहमीं बहुवचनीं चालणारा. पतंजलीनें आपल्या महाभाष्यांत (सुमारें इ. स. पूर्व 150) प्रथम लौकिक लक्षण मांडून पाहिलें: शरीरावरील खुणांवरून स्त्री व पुरुष ओळखावे, आणि जेथें दोहोंच्याही खुणा नाहींत तें नपुंसक समजावें. लगेच त्यानें तें खोडूनही टाकलें. कारण खाटेच्या व झाडाच्या अंगावर अशा कोणत्या खुणा आहेत, कीं 'खट्वा' स्त्री व्हावी आणि 'वृक्ष' पुरुष व्हावा? मग वाढ, ऱ्हास आणि स्थिति ह्या तीन अवस्थांशीं त्यानें तीन लिंगांची सांगड घातली. परंतु त्याबरोबरच असेंही नमूद केलें कीं, लिंग ही शास्त्रानें शिकविण्याची वस्तु नव्हे, तें लोकव्यवहारावर अवलंबून आहे. अमरसिंहाच्या ज्या ग्रंथास आपण 'अमरकोश' म्हणतों, त्याचें खरें नांव 'नामलिंगानुशासन' असें आहे. शब्दाबरोबर त्याचें लिंगही पाठच करावयाचें, ही आपली जुनी रीत त्या नांवांतच आहे.

तथापि 'लोकव्यवहार' हा शब्द मोघम आहे. कोणत्या लोकांचा, कोणता व्यवहार? पशूंच्या बाबतींत तरी ह्याचें उत्तर पाणिनीच्या एका सूत्रांत मिळतें, आणि तें इतकें रोकडें आहे कीं तें वाचतांना आपण व्याकरणाच्या पाठशाळेंतून उठून थेट गोठ्यांत गेलों असें वाटावें. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचें हें शेवटचें सूत्र होय. प्रकरण 'एकशेषा'चें आहे. म्हणजे दोन-तीन शब्दांच्या जागीं एकच शब्द शिल्लक राहतो, त्याचें. नर आणि मादी यांचा एकत्र निर्देश करावयाचा असेल तर सामान्यतः पुल्लिंगी शब्द उरतो. हंस आणि हंसी मिळून 'हंसौ'. परंतु शेवटच्या सूत्रांत पाणिनि अपवाद सांगतो: पाळीव पशूंचा कळप असेल, आणि ते पशू कोवळ्या वयाचे नसतील, तर स्त्रीलिंग उरतें. 'गो' शब्दाचें प्रथमेचें बहुवचन दोन्ही लिंगीं 'गावः' असेंच होतें, म्हणून हा फरक सर्वनामांत उमटतो. गाई-बैलांच्या कळपाकडे बोट दाखविणारा मनुष्य 'इमे' न म्हणतां 'इमाः' म्हणतो.

टीकाकारांनीं ह्या सूत्रांतील एक एक पद पारखून घेतलें आहे. 'पाळीव' कशाला म्हटलें? तर रानांतील रुरु नांवाच्या हरणांच्या कळपास हा नियम लागूं नये, तेथें पुल्लिंगच. 'कळप' कशाला? दोनच गुरें चरत असतील तर तेथेंही पुल्लिंगच. 'कोवळीं नसावीं' असें कां? कारण वासरांच्या किंवा करडांच्या घोळक्याचा उल्लेख पुल्लिंगी होतो. आणि ह्यापुढें वैयाकरणांनीं एक पुरवणी जोडली: हा नियम दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांपुरताच धरावा, घोडे आणि गाढवें यांचे खूर अखंड असतात, त्यांस तो लागत नाहीं. घोड्यांचा कळप चरत असेल तर 'अश्वाः' हा शब्द पुल्लिंगीच राहतो.

हा नियम वरवर पाहतां विक्षिप्त दिसतो. गाई-बैलांच्या कळपास एक लिंग आणि घोड्यांच्या कळपास दुसरें, हा काय न्याय? पतंजलीनें त्याचें जें उत्तर दिलें आहे तें आमच्या मतें भाषेच्या इतिहासांत सोन्याच्या मोलाचें आहे. तो म्हणतो कीं हें सूत्र केलें नसतें तरी चाललें असतें. कारण कळपांतील नर गाडीला जुंपण्यासाठीं आणि विकण्यासाठीं अगोदरच बाजूला काढलेले असतात, आणि मागें माद्याच तेवढ्या उरतात. म्हणजे कळपास स्त्रीलिंग लावणारा गुराखी व्याकरणाचा कोणताही चमत्कार करीत नाहीं. त्याच्या पुढें जें चरत आहे तेंच तो सांगतो आहे.

एवढी किल्ली हातीं आल्यावर बाकीचीं कुलुपें आपोआप उघडतात. वासरांच्या घोळक्यांतून नर अजून निवडून काढलेले नसतात, म्हणून तेथें स्त्रीलिंग नाहीं. रानांतील हरणांचे नर कोणी जुंपीत नाहीं व विकीत नाहीं, म्हणून तेथेंही नाहीं. आणि घोडा व घोडी, गाढव व गाढवी हीं दोन्ही बसावयास किंवा ओझें वाहावयास सारखींच उपयोगीं पडतात. दुधासाठीं माद्या राखावयाच्या आणि नर काढून टाकावयाचे, ही वहिवाट त्यांच्या बाबतींत नाहीं. हा शेवटचा उलगडा आमचा आहे. पण तो पतंजलीच्याच विचाराच्या ओघांत बसतो. पशूच्या नांवाचें लिंग ठरवितांना भाषा त्याच्या देहाकडे तितकी पाहत नाहीं, जितकी मनुष्याच्या त्याच्याशीं असलेल्या व्यवहाराकडे पाहते, असा ह्या सर्वांचा निष्कर्ष निघतो.

पतंजलीचें तें वाक्य जुनें झालेलें नाहीं. 2019 सालच्या पशुगणनेंत भारतांत गोवंशाचीं सुमारें 19 कोटी 25 लक्ष जनावरें मोजलीं गेलीं. त्यांपैकीं 14 कोटी 51 लक्ष माद्या होत्या. म्हणजे दर चार जनावरांत तीन गाई किंवा कालवडी. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचें काम उरलें नाहीं. आणि आतां तर कृत्रिम रेतनासाठीं अशा रेतमात्रा मिळतात, कीं दहांपैकीं सुमारें नऊ वेळां कालवडच जन्मावी. पतंजलीच्या काळीं नर जन्मल्यावर कळपांतून काढीत. आज तो जन्मास येण्यापूर्वींच काढला जातो.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. मराठी शेतकऱ्याच्या गोठ्यांत शब्दांची जी बारीक विभागणी आहे ती पाहिली म्हणजे वरील निष्कर्षास पुष्टि मिळते. गाय, बैल, वळू. वासरूं, गोऱ्हा, खोंड, कालवड. म्हैस, रेडा, टोणगा, वगार, रेडकूं. शेळी, बोकड, पाट, करडूं. मेंढी, एडका, कोंकरूं. गाय आणि बैल यांच्यांत ध्वनीचें कांहीं नातें नाहीं. म्हैस आणि रेडा, शेळी आणि बोकड यांच्यांतही नाहीं. ज्याच्या लिंगावर दूध, नांगर आणि बाजारभाव अवलंबून आहे, त्या पशूस भाषेनें प्रत्यय लावून भागविलें नाहीं, स्वतंत्र नांवें दिलीं. उलट खार, घार, पाल, सुसर ह्या सदा स्त्रीलिंगी, आणि बेडूक, उंदीर, सरडा, गरुड हे सदा पुल्लिंगी. त्यांतील नर कोणता आणि मादी कोणती, ह्याची मनुष्यास कधीं गरजच पडली नाहीं. आणि पाणिनीचा नियमही आपल्या बोलींत जिवंत आहे: धनगर 'मेंढ्या चारतो', गवळी 'म्हशी राखतो', घरोघर 'कोंबड्या पाळतात'. कळपांत एडका असतो, खुराड्यांत कोंबडाही असतो. पण स्त्रीलिंगाच्या पोटांत तो निमूटपणें सामावतो.

परंतु मराठीपाशीं संस्कृताहून एक निराळी सोय आहे, आणि ती म्हणजे हेंच नपुंसकलिंग. संस्कृतांत वासरांच्या घोळक्यास पुल्लिंग लागे; मराठींत 'वासरें' नपुंसकलिंगी आहेत. 'वासरूं' हा शब्द 'वत्सरूप' यापासून, 'गुरूं' हा 'गोरूप' यापासून आणि 'पाखरूं' हा 'पक्षिरूप' यापासून आला. मेंढरूं, शिंगरूं, लेंकरूं हे त्याच वळणाचे शब्द. मूळचें 'रूप' हें पद नपुंसकलिंगी. तें शेपटाशीं जोडलें गेलें, झिजून नुसता 'रूं' उरला, आणि त्यानें लहानपणाचा व मायेचा अर्थ धारण केला. नर कीं मादी हें अजून विचारावयाचें नाहीं, असें जें कोवळें वय, त्यास मराठीनें हें लिंग दिलें.

एवढ्यावरच तें थांबलें नाहीं. 'मर्कट' संस्कृतांत पुल्लिंगी, मराठींत 'माकड' नपुंसकलिंगी. 'गर्दभा'चें गाढव, 'हरिणा'चें हरण, 'मार्जारा'चें मांजर झालें, आणि पुल्लिंग सोडून हीं सारीं नपुंसकांत आलीं. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें अपभ्रंश भाषेचें व्याकरण लिहितांना स्पष्टच म्हटलें आहे कीं, तींत लिंगाचें बंधन पक्कें नाहीं. त्या शिथिलतेचा परिणाम निरनिराळ्या प्रांतीं निरनिराळा झाला. बंगालीनें व्याकरणांतील लिंगभेदच टाकून दिला. हिंदीनें नपुंसक सोडून दोन लिंगें ठेविलीं. तेथें बंदर, गदहा, हिरन आणि कछुआ हे सारे पुरुष, आणि बिल्ली स्त्री. मराठी, कोंकणी आणि गुजराती यांनीं मात्र तीन लिंगें राखलीं. कित्येकांस ह्याचें कारण द्राविड भाषांच्या शेजारांत दिसतें. पण गुजरातीस तो शेजार नसतांही 'कूतरुं', 'गधेडुं', 'बकरुं' हे शब्द तिच्यांत नपुंसकच आहेत, म्हणून तेवढेंच एक कारण पुरेसें नाहीं. कारण कोणतेंही असो. मराठीनें नपुंसकलिंग वारशानें मिळालें म्हणून केवळ पेटींत जपून ठेविलें नाहीं, तर त्यास नवें काम दिलें. कुत्रा, कुत्री आणि कुत्रें. घोडा, घोडी आणि घोडें: तिसरें रूप ह्या जातीचें सामान्य नांव होऊन बसलें.

ह्यांत सर्वत्र एकच नियम सांपडेल अशी आशा मात्र वाचकांनीं धरूं नये. भित्रीं व निरुपद्रवी जनावरें नपुंसकांत आणि शूर तीं पुल्लिंगांत, असा कोणी सिद्धान्त मांडील, तर भित्रा ससा पुल्लिंगी आणि दांडगें अस्वल नपुंसकलिंगी, हें एक उदाहरणच तो मोडावयास पुरे आहे. मोरो केशव दामल्यांनीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) ह्या ग्रंथांत लिंगविचाराचा मोठा प्रपंच केला, तरी शेवटीं पुष्कळशा शब्दांच्या बाबतींत वहिवाटीकडेच बोट दाखवावें लागतें. पतंजलीनें जेथें हात टेकले तेथें इतरांनींही टेकले, ह्यांत नवल नाहीं.

एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. पंचतंत्रांतील कावळा, उंदीर, कासव आणि हरण ह्या चार मित्रांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. संस्कृतांत चौघेही पुरुष. मराठींत ती सांगूं लागलें कीं 'कासव म्हणालें', 'हरण धांवलें' असें आपण बोलतों. परंतु त्याच कासवास मंथरक आणि त्याच हरणास चित्रांग म्हटल्याबरोबर 'मंथरक म्हणाला', 'चित्रांग धांवला' असें होतें. नांव मिळालें कीं व्यक्ति होते, आणि व्यक्ति झाली कीं 'तें' सुटतें. हाच प्रकार गोठ्यांतही आहे. शेतकरी 'बैल विकला' असें म्हणतो तेव्हां तो व्यवहार सांगत असतो. पण 'आमच्या सर्ज्याला विकलें' असें म्हणतो तेव्हां आवाज बदलतो, आणि वाक्याचें व्याकरणही बदलतें. मनुष्याच्या नांवास कर्मस्थानीं 'ला' लागतो, वस्तूस बहुधा लागत नाहीं. पशू ह्या दोहोंच्या सीमेवर उभा असतो, आणि बोलणाऱ्याच्या मनांतील मायेप्रमाणें कधीं इकडे तर कधीं तिकडे जातो.

आपल्या दक्षिणेकडील भाषांनीं ही सीमा उघडपणें आंखलेली आहे. तमिळ भाषेचें प्राचीन व्याकरण 'तोल्काप्पियम्' नामांचे दोन वर्ग करतें: मनुष्य व देव उच्च वर्गांत, पशू, पक्षी, झाडें आणि दगड दुसऱ्या वर्गांत. कानडींत पुरुषास 'अवनु', स्त्रीस 'अवळु' आणि पशूस व वस्तूस 'अदु'. तेलुगूंत एकवचनीं 'अदि' हें सर्वनाम स्त्री, पशू व वस्तु यांस सामायिक आहे. अनेकवचनीं मात्र स्त्रिया मनुष्यांच्या वर्गांत येतात. इंग्रजींतही जुन्या काळीं तीन लिंगें होतीं. घोडा त्या भाषेंत नपुंसक होता, आणि पत्नीवाचक शब्दही नपुंसकच होता. तीं लिंगें गेलीं, आणि पशूस लावावयाचें सर्वनाम निर्जीव वस्तूंच्या सर्वनामाशीं एकरूप होऊन बसलें. म्हणून आज तिकडे पशूंविषयीं जिव्हाळा असणाऱ्या पुष्कळांस तें सर्वनाम टोंचतें, व ते पाळीव कुत्र्यास आग्रहानें 'तो' किंवा 'ती' म्हणतात. इंग्रजींतून शिकणाऱ्या आपल्या मुलांस 'तें मांजर' म्हणणें अनादराचें वाटूं लागलें आहे, त्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें. मराठींत तें टोंचण्याचें कारण नाहीं. आपलें 'तें' टेबलाचें आहे हें खरें. पण तें मुलाचेंही आहे, लेंकराचेंही आहे. कोंकणींत तर 'चेडूं' म्हणजे मुलगी, आणि तिलाही मायेनें 'तें'च म्हणतात.

ह्याहूनही मोठी गोष्ट अनेकवचनांत दडलेली आहे. पाणिनीच्या नियमानें स्त्री-पुरुष एकत्र आले कीं पुल्लिंग उरे. मराठींत 'दोघे' म्हणजे दोन पुरुष, 'दोघी' म्हणजे दोन स्त्रिया, आणि नवरा-बायको असतील तर 'तीं दोघें आलीं'. येथें पुरुषानें स्त्रीस गिळलें नाहीं, आणि गोठ्यांतल्याप्रमाणें स्त्रीनें पुरुषासही नाहीं. दोघांनीं मिळून तिसरें लिंग घेतलें. 'माणसें जमलीं', 'मुलें खेळलीं', 'गुरें परतलीं' हीं तिन्ही वाक्यें एकाच सांच्याचीं आहेत. ज्यास आपण नपुंसक म्हणतों, तें मराठींत पुष्कळदां 'दोहोंपैकीं कोणतेंच नव्हे' असें नसून 'दोन्ही मिळून' असें असतें. हें आम्हांस आमच्या भाषेचें एक थोर वैशिष्ट्य वाटतें.

तें आज झिजत आहे, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 1962 सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम झाले व अनुच्चारित अनुस्वार गेले. लिहिण्याची सोय झाली, ह्यांत संशय नाहीं. परंतु 'ते' आणि 'तें', 'दोघे' आणि 'दोघें' हीं छापील पानावर एक झालीं. बोलण्यांत 'दोघं आली' अजून ऐकूं येतें. लिहिण्यांत मात्र आईबापांविषयींही 'ते दोघे आले' असें सर्रास दिसतें. आम्ही हा लेख जुन्या वळणानें लिहिला आहे तो जुन्याच्या हट्टानें नव्हे, तर हा भेद डोळ्यांस दिसावा म्हणून. दुसरीकडे गोठेच ओस पडत चालल्यानें खोंड, कालवड, वगार, पाट हे शब्द बोलणारीं माणसें कमी होत आहेत. व्यवहार गेला कीं शब्द जातात, आणि शब्दांबरोबर त्यांचीं लिंगेंही.

जुनें लेखन परत आणावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु 'निर्जीव वस्तूंचें तें नपुंसकलिंग' अशी जी समजूत मुलांच्या मनांत रुजते, ती तरी दूर करावी. वासरूं, पाखरूं, लेंकरूं हीं उदाहरणें टेबल-पुस्तकांच्या अगोदर त्यांच्यापुढें ठेवावींत, आणि आईबापांविषयीं बोलतांना 'तीं दोघें' म्हणण्याची संवय घरांतल्या घरांत राखावी. एवढें घडलें तरी पुष्कळ झालें. आमच्या घरांतील मांजरास दिवाळीच्या सुमारास तीन पिलें झालीं. नात आतां त्यास 'मनी' म्हणते, आणि 'ती आली' असें बोलते. पिलांविषयीं मात्र 'तीं झोपलीं' असेंच म्हणते. तिला कोणी सुधारलें नाहीं.